शेठ उभे राहिले ती बॅग

वांग्याच्या भरताच्या जेवणावळी करायला मला फैजपूरहून पार पुण्यापर्यंत जावं लागतं. वांगी ठेचायचं खोल लाकडी भांडं, म्हणजे बडगी, आणि मुसळ सोबत असतंच. मिक्सरमधून काढतात त्याला मी भरीत म्हणत नाही. बडगीच्या वजनाने दोन बॅगांची चाकं भुसावळ स्टेशनावरच निखळली. दुकानदाराच्या गोड बोलण्यावर आता माझा विश्वास नाही, म्हणून या वेळी बडगी घेऊनच जळगावच्या बॅगांच्या दुकानात गेले.

घेवरचंद शेठनी काउंटरजवळची मोठी निळी बॅग आडवी केली आणि चपला काढून ते तिच्यावर उभे राहिले.

"बघा भिकुबाई, हत्ती बसला तरी मोडणार नाही."

बडगी आत बसली, चाकंही सरळ पळाली. मी हो म्हटलं, तर शेठनी आतून खोक्यातली दुसरी निळी बॅग आणली. उचलून पाहिली. हलकी लागली.

"तुम्ही उभे राहिलात तीच द्या."

"ती गिऱ्हाइकांना दाखवायची आहे. माल सारखाच आहे."

"सारखाच शे ना? मग हिच्यावर उभे राहा."

शेठनी चपला काढल्या. नव्या बॅगेकडे पाहिलं. मग चपला परत पायात घातल्या आणि विचारलं, "चहा घेणार ना, भिकुबाई?"