नखं दाखवा!

बालवयात झालेले संस्कार आयुष्यभर पुरतात, असे अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेले होते. पोपडे निघून 'संस्कार' केव्हाच गळून पडले होते. 'आयुष्यभर पुरतात' तेवढे शाबूत होते. त्याच भिंतीपुढे ग्रामसभा भरली होती आणि भिंतीमागची खोली व्यायामशाळेला द्यायची की नाही, याचा निकाल लागायचा होता.

"मथुराबाई, तुमचे चार पोट्टे समाजमंदिराच्या ओट्यावर बसवा ना," सरपंच अतुल म्हणाला. "बाकीचे सारे ढाणकीले कॉन्व्हेंटात जाऊन राह्यले. खोली कायले अडवता?"

"ओट्यावर पाऊस येते, सरपंच."

"मंग त्या दिवशी सुट्टी द्या!" कपिल म्हणाला. व्यायामशाळेची मागणी त्याचीच. दंड दिसावेत म्हणून तो थंडीतही बनियनवर आला होता. मागची तरणी फौज खिदळली.

या फौजेतला एकेक गडी मथुराबाईंनी नाक पुसून, खिचडी भरवून पहिलीच्या दारापर्यंत पोचवला होता. पण उपकारांना ग्रामसभेत मत नसते.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले. ते बाहेरगावचे.

हातांचे पीकच उभे राहिले. ग्रामसेवकांनी पेनाचे टोपण काढले. मथुराबाई उठल्या. भाषण त्यांना येत नव्हते. इतके हात एकदम समोर दिसल्यावर तोंडात आले तेच त्या ओरडल्या,

"नखं दाखवा!"

सरसर सगळे हात खाली आले. पंजे पालथे, बोटे ताठ, छातीसमोर. कपिलचे सर्वांत आधी. सरपंचांचेही.

ग्रामसेवकांनी मान वर केली, तर एकही हात वर नव्हता. त्यांनी लिहिले, 'बाजूने: निरंक.'

"ओ साहेब, असं कसं? पुन्हा घ्या!" अतुल ओरडला.

"घ्या ना," मथुराबाई त्याच्या पंज्यावर वाकल्या. "पण अतुल्या, अंगठ्याच्या नखात किती मळ हाय रे! जाय, धुऊन ये आधी."

बायांमध्ये हसू फुटले ते थांबेचना. "जा ना सरपंच, धुवाले!" तानाबाई म्हणाली. ती अतुलची आई. अतुलने हात खिशात घातले. ग्रामसेवकांनी पुन्हा विचारले, पण आता हात वर करायची कोणाची छाती होईना. ठराव पडला. मथुराबाईंनी पदर खोचला, खोलीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावून त्या गर्दीच्या मधून गेल्या. पोट्ट्यांनी वाट दिली. रांगेत उभे राहून.

सोमवारी त्यांनी खोली उघडली. कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन दारावरून ढाणकीकडे गेली. खिडकीशी सरपंचांची मुलगी होती.

अंगणवाडीत तीन मुले आली.