पडदा जळला नव्हता

सलग आठव्या दिवशी मथुराने पहाटे सोसायटीचं दार उघडलं, आणि आठव्या दिवशीही कॉम्प्युटरचा पडदा काळाच होता. वर कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरं, शेवटी लुकलुकणारी एक रेघ.

जेटीवरून सुटणारी प्रत्येक होडी नोंदवायची, तिच्यावर कोणकोण खलाशी चढले ते लिहायचं, हे मच्छीमार सोसायटीतलं काम गेली सहा वर्षं मथुराचं. नवरा गेल्यावर गावात तिला जे काही स्थान उरलं होतं ते या खुर्चीमुळे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला अक्षरओळख करून दिली ती संध्याबाईंनी. बाई शाळेतून निवृत्त होऊन सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या आणि त्यांनीच तिला इथे बसवलं. इंग्रजी तेवढं शिकवलं नाही. म्हणाल्या, "तुला काय करायचंय गो? होडीच्या चित्रावर टिचकी मार, वही उघडेल. मराठीत लिही."

आठ दिवसांपूर्वी ती चित्रंच गेली. चित्रं दाखवणारं आतलं कार्ड जळत आलंय, बाई म्हणाल्या, मला त्याची खोड ठाऊक आहे म्हणून माझ्या हाताला चालतं. रोज दहाला येऊन त्या उभ्याउभ्या काहीतरी टाइप करत, की चित्रं परत. मशीन रात्रंदिवस चालूच असे. संध्याकाळी शेवटचं कुलूप बाईच लावत. पहाटे पुन्हा काळोख. मथुरा कागदावर नावं लिहून घेई, पण वरच्या कचेरीला कागद चालत नव्हता. आज अकराला सभा होती. मथुराला मशीन झेपत नाही, तेव्हा ती खुर्ची बाईंच्या सुनेला, अलोऱ्याहून आलेल्या ईशाला द्यावी, असा ठराव होता.

मोरू तांडेल आपल्या होडीवरच्या खलाशांची नावं द्यायला दारात आला. "आज पण काळोख का गो वयनी? मशीनला मोतीबिंदू झाला काय?"

"झाला. तू नावं सांग, मी कागदावर घेते."

"बुडलो तर हा कागद घेऊन कोण येणार शोधायला?"

"मी येईन. पोहता येतं मला."

कागद पुढे ओढताना तिचं कोपर वर जायच्या बाणाच्या कळेवर पडलं. लुकलुकत्या रेघेशी एक ओळ उमटली.

sudo systemctl stop lightdm

मथुराने चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं तिला बाईंनी शिकवली नव्हती, होड्यांनी शिकवली होती. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, रंगवलेली अक्षरं-नंबर वाचून वाचून ती मोठी अक्षरं ओळखायची. पडद्यावरची बारकी अक्षरं मात्र वेगळी. मग तिने एकेक कळ दाबून पाहिली: कळेवर मोठा T, पडद्यावर हा आकडीवाला. दाबलं की पुसायचं, पुसलं की पुढचं. एस, टी, ओ, पी. हा शब्द तिने वीस वर्षं पाहिला होता. नवऱ्याच्या होडीच्या इंजिनावर दोन बटणं होती, तांबड्या बटणाखाली हेच लिहिलेलं.

"मोरू, हे थांबवायचं आहे ना?"

"स्टॉप. हां. पण हे लिहिलंय कोणी?"

तिने बाण पुन्हा दाबला. तीच ओळ आली, पण stop च्या जागी start. पुन्हा stop. पुन्हा start. पंधरा ओळी. आठ संध्याकाळच्या stop, सात सकाळच्या start.

मोरूने दाराला लटकणाऱ्या कुलपाकडे पाहिलं. शेवटचं कुलूप कोण लावतं ते दोघांनाही माहीत होतं.

तिने start ची ओळ आणून एंटर दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला. वही उघडायचा रोजचाच शब्द असेल म्हणून ती टाइप करू लागली, पण पडद्यावर काहीच उमटेना. तरीही तिने शब्द पुरा केला. काळोख एकदा थरथरला आणि निळा पडदा आला, मग होडीचं चित्र. मोरूची होडी त्या दिवशी पहिली नोंदली गेली.

साडेदहाला बाई आल्या. चित्रं पाहून दारातच थबकल्या.

"आपोआप आलं?"

"तुम्हीच सांगा, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "ईशा शिकून घरात बसलीय गो," एवढंच त्या हळू बोलल्या. मथुराला वाटलं, आता सभेत त्या स्वतःच सांगतील. पाच-सहा शब्दांचं तर काम होतं.

सभा मशीनच्याच खोलीत भरली. अध्यक्ष हरिश्चंद्र यांनी ठराव वाचला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आज मशीन नशिबाने चाललंय. जळलेल्या कार्डाचा भरवसा नाही. तिथे जाणतं माणूस हवं."

मथुरा उठली. काळ्या पडद्यावर कसं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ते तिने सगळ्यांसमोर बाईंनाच विचारलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. बाईंशेजारी बसलेली ईशा गुपचूप पुढे आली, तीन कळा एकदम दाबल्या आणि मागे सरली. मथुराने बाणाने stop ची ओळ आणली, एंटर दाबलं, पासवर्डचा शब्द टाकला. नंतर start ची आणली, दाबलं. चित्रं गेली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परत आली.

"कार्ड धड आहे," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी चित्रं बंद केली जातात."

हरिश्चंद्रांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. खुर्ची मथुराकडेच राहिली.

माणसं पांगल्यावर बाई चपला शोधत दाराशी रेंगाळल्या. "चारचौघांत केलंस. मला आधी एकदा विचारायचं तरी."

"आठ दिवस रोज विचारत होते, बाई," मथुरा म्हणाली. "पडदा का काळा होतो, म्हणून."