मुरार, आयर्लंड

माझा अंबरीशदादा मार्चमध्ये डब्लिनहून कायमचा परत आला.

नाही आला. वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरा. दादा डब्लिनमध्येच आहे. आमच्या नया बाजारातल्या घराच्या दारावर तशी संगमरवरी पाटी आहे: ‘चि. अंबरीश, आयर्लंड’. आमचे वडील, तात्यासाहेब, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “दगडात कोरलंय. आता बदल नाही.”

तर दादा डब्लिनमध्ये आहे. फक्त राहतो आमच्याच शहरातल्या मुरारला, घरापासून ई-रिक्षानं वीस रुपये.

तिकडे त्यानं पलंग भाड्यानं घेतला होता, तोही फक्त रात्रीपुरता. दिवसा त्यावर दुसरा कोणी झोपायचा. शिक्षण संपलं, नोकरी मिळेना. बसचे पैसे वाचवायला तो चालत जायचा, मग बूट फाटले, आणि नवे बूट महिनाभराच्या बसपेक्षा महाग निघाले. दर रविवारी आई व्हिडिओ कॉलवर भाव विचारायची आणि मनातल्या मनात शंभरानं गुणायची.

“कोथिंबिरीची जुडी दोनशे रुपये? नको घेऊस रे. वास आठव.”

दादा वास आठवून जेवायचा. सहा महिन्यांत अकरा किलो कमी झाला. पुढे कमी करायला काही उरलं नाही तेव्हा आला.

म्हणजे, नाही आला. स्टेशनवर मी एकटीच गेले होते. सामान म्हणून एक जॅकेट होतं.

“घरी नको, यशू. तात्या मरतील.”

“तात्या नाही मरत. पाटी वाचून तूच मरशील.”

“वही तो,” तो म्हणाला.

आता तो मुरारच्या एका क्लासमध्ये परदेशी कसं जायचं ते शिकवतो. मुलं म्हणतात, सर को अनुभव है.

रविवारचे कॉल मात्र चुकत नाहीत. खिडकीला चादर लावायची, आवाज येतो म्हणून कूलर बंद करायचा, अंगात जॅकेट घालायचं. बाहेर मे महिना, चव्वेचाळीस डिग्री.

“घाम कसला रे एवढा?” आईनं परवा विचारलं.

“हीटर लावलाय.”

“बंद कर आधी! बिल किती येईल!”

दादानं हात लांबवून नसलेला हीटर बंद केला आणि थोडा वेळ कुडकुडला. मला वाटतं, खरंच कुडकुडला.

“भाजी काय केलीस?”

“आलू-मटर. मस्त झाली आई, भाजीवाल्यानं वर धनिया फ्री दिला.”

बोलताना इतका खूश दिसला की त्याला स्वतःलाच कळलं नाही. कितीतरी महिन्यांनी कोणी काहीतरी फुकट दिलं होतं.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. “बघितलंस, इंदू? कोथिंबीर फुकट वाटतात! याला म्हणतात सुधारलेला देश.”

आई फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पाणी पीत जा भरपूर,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात पिशवी दिली. आत पन्ह्याचा गर, सुती बनियन आणि मच्छरदाणी.

“डब्लिनला पोचव.”

“आई, कुरियर महाग पडेल.”

“स्कूटीनं जा ना. पेट्रोलचे शंभर घे.”

बाजूला तात्या ओल्या फडक्यानं पाटी पुसत होते.

“तूही चल ना,” मी हळूच म्हटलं. “अर्ध्या तासात परत येऊ.”

आईनं तात्यांच्या पाठीकडे पाहिलं. “मला कुठला व्हिसा,” म्हणाली आणि आत गेली.

मुरारला दादानं पिशवी उघडली. बनियनची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग विचारलं, “आई बाहेर उभी आहे का?”

मी म्हटलं, “नाही.”

म्हणून हा अर्ज.

प्रति, ज्यांच्याकडे असे अर्ज करतात ते साहेब.

विषय: मुरार येथील एक खोली आयर्लंडमध्ये समाविष्ट करणेबाबत.

महोदय, सदर खोलीस कृपया परदेश घोषित करावे. तेथे कोथिंबीर पूर्ववत फुकट मिळावी. तसेच सदर खोली ते नया बाजार हे अंतर, जे सध्या वीस रुपये आहे, ते सरकारी कागदोपत्री सात समुद्र करून मिळावे, म्हणजे माझ्या आईला ते न ओलांडण्यास योग्य कारण मिळेल. तसदीबद्दल क्षमस्व.