स्कोपची लाल पट्टी

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की तिथल्याच हॉलमध्ये आम्रपालीताईंचा वर्ग भरायचा. सामान साधंच. सेल, वायरी, छोटे दिवे, एक लोहचुंबक. पिंपरीतल्या एका कंपनीत मापनयंत्रं दुरुस्त करण्यात ताईंची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्त झाल्यावर तेच त्या वस्तीतल्या मुलांना शिकवत होत्या. एखाद्याचा दिवा लागला नाही तर त्या पुढे होऊन वायर जोडून द्यायच्या नाहीत. "का लागत नाही? त्यालाच विचार," म्हणायच्या आणि मुलाला हवा तेवढा वेळ द्यायच्या. सतरंजी कमी पडायची.

या वर्षी सतरंजी उरायला लागली.

कारण मोशीला होतं. कंपनीत शेजारच्या टेबलावर काम केलेल्या रोहिदासनं आपल्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मुलांसाठी प्रयोगशाळा काढली होती. गार हवा, चालणारे रोबोट आणि संत तुकाराम नगरातून मुलांना न्यायला व्हॅन. त्या व्हॅनमध्ये सगळ्यांत आधी चढली ती ताईंची नात मैत्री.

व्हॅनचा हॉर्न वाजला की गॅलरीतले वाळत घातलेले कपडे ताई पुन्हा एकदा झटकायच्या.

त्या रविवारी व्हॅन आली ती मुलांना न्यायला नाही. मागचं दार उघडून रोहिदासनं एक मोठं खोकं उतरवलं आणि ते छातीशी धरून ताईंच्या घरचा जिना चढला.

"ताई, जरा जागा करा. वजनदार हाय."

खोक्याचा एक कोपरा आत दबला होता. आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे होते, आणि त्या बोळ्यांत ऑसिलोस्कोप. हिरव्या गोल पडद्याचा, विजेची लाट डोळ्यांना दाखवणारा. कंपनीत त्याला नुसतं 'स्कोप' म्हणायचे. ताईंच्या टेबलावर होता त्याच बनावटीचा. कंपनीतला केव्हाच लिलावात गेला. रोहिदासनं हा बेंगळुरूच्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराकडून शोधून मागवला होता.

"नुसत्या पेपरात गुंडाळून पाठवला त्यानं, बघा. हलवला की आत खडखडतंय. दुकानदार म्हणतो, आज सांजच्याला कळवा, म्हंजे परत घेतो. परत गेला तर मोडून सुटे भाग इकणार तो. ठेवला तर आपलं नशीब." रोहिदासनं खिशातून तीन पट्ट्या काढल्या. लाल, पिवळी, हिरवी. "आपल्या सेक्शनातल्यासारखं. तुमी बांधाल ती पट्टी. मी चाकणला साखरपुड्याला जाऊन येतो."

सेक्शनमध्ये तसंच चालायचं. यंत्र कसं आहे ते तोंडी सांगायचं नाही, पट्टी बांधायची. हिरवी म्हणजे चालू, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे संपलं. लाल पट्टी बांधली की तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा.

तो गेला आणि मैत्री टेबलाला चिकटून उभी राहिली.

"आजी, हा सुरू झाला ना, की आम्हाला आमचा आवाज दिसणार! रोहिदास सर म्हणाले. मी 'आ' केलं की पडद्यावर माझी लाट, सार्थकनं केलं की त्याची वेगळी."

"हो, दिसते लाट."

"मग तू कधी नाही दाखवली? तुझ्याकडे नुसते दिवेच लागतात."

ती वाईट बोलत नव्हती, खरं तेच बोलत होती. ताईंनी चष्मा पुसला आणि मागचे स्क्रू काढायला घेतले.

झाकण निघालं तसं खडखडाटाचं कारण समोर आलं. ट्रान्सफॉर्मर, यंत्रातला सगळ्यांत जड भाग, खोकं आपटल्यावर आपले स्क्रू तोडून बाजूला कलंडला होता. जाता जाता त्यानं एका बोर्डाचा कोपरा तडकवला होता. ताईंनी बॅटरी धरून चित्रनळीची मान पाहिली. हीच खरी नाजूक जागा. मान अखंड होती. बाकी वायरी जागेवर होत्या. ट्रान्सफॉर्मर बसवायचा, बोर्डावरच्या तडकलेल्या तांब्याच्या रेघा तारेनं जोडायच्या. कष्टाचं काम, पण होण्यासारखं.

त्यांना हे कळलं आणि त्याच वेळी मोशीची ती प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आली. मधोमध हा स्कोप. भोवती सगळी मुलं, त्यांच्या सतरंजीवरून उठून गेलेली. मैत्री 'आ' करतेय. बटण फिरवतोय रोहिदास. ज्यानं कधी लाट स्थिर केली नव्हती, तो. रोबोट त्यानं आणले, व्हॅन आणली, ते त्यांनी सोसलं. पण हा त्यांचा होता. या एका यंत्रावर बोट ठेवून त्या म्हणू शकत होत्या, हे मला येतं.

त्यांनी झाकण लावलं. लाल पट्टी उचलली आणि हँडलला बांधली. दोन गाठी मारल्या.

मैत्रीनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. थोडा वेळ पट्टीकडे बघितलं, मग फोन घेऊन गॅलरीत गेली. आतपर्यंत ऐकू येत होतं.

"सार्थक, स्कोप मेला रे... नाही, दुसऱ्या कुणाला कशाला दाखवायचं? आजीनं लाल बांधलीय. सर म्हणतात, आजीची पट्टी कधीच चुकली नाही... हो ना, मला पण रडू येतंय."

ताई स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवलं आणि चहाची पूड टाकायची विसरल्या.

रोहिदास दिवेलागणीला आला. डोक्यावर साखरपुड्यातला फेटा तसाच होता. दारातूनच त्याला लाल दिसलं. तो खुर्ची ओढून स्कोपसमोर बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

"संपला म्हणा."

"भाऊ, पाणी घ्या."

"हसाल तुमी ताई, पण खरं सांगू? पोरांचं निमित्त हो. मला हवा होता हा. सेक्शनात मी चहाच्या नावानं तुमच्या टेबलाशी यायचो, ध्यानात हाय? लाट नाचायची, तुमी एक बटण फिरवलं की गप उभी राहायची. लई जळायचो मी. एकदा हात पुढं केला तर काय म्हणालात? 'लांब उभे राहा, भाऊ.'"

"तसाच नियम होता. यंत्र एकाच्याच ताब्यात."

"व्हय, नियम होता. म्हणून तर वाटलं, एक आपल्या ताब्यात असावा." त्यानं पट्टीच्या टोकाला हात लावला, पण गाठ सोडली नाही. "असू दे. लाल म्हंजे लाल. कळवतो त्याला." फोन हातात घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बल्ब कसा ऱ्हायला?"

ताईंच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

पडलेलं यंत्र थेट विजेला लावायचं नाही. फळीवर एक बल्ब असतो, वीज आधी त्यातून न्यायची. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, यंत्र गेलं. क्षणभर पेटून मंद झाला तर आत जीव आहे. बल्ब लावल्याशिवाय लाल पट्टी बांधायची नाही, हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. शिकवायच्या ताईच.

खोटं सांगणं सोपं होतं. "भगभगीत राहिला," एवढंच. मैत्री दारात उभी होती. पण बल्बचं खोटं ताईंच्या तोंडून निघेना.

"लावलाच नाही," त्या म्हणाल्या.

रोहिदास त्यांच्याकडे बघत राहिला. मग स्कोपकडे, मग मैत्रीकडे. त्याला काय कळलं, किती कळलं, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. फोन मात्र त्यानं खिशात ठेवला.

"मैत्री, आपली बल्बची फळी आण," ताई म्हणाल्या.

त्यांनी झाकण पुन्हा काढलं. ट्रान्सफॉर्मर सरळ करून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले आणि बटण दाबलं. बल्ब लखकन पेटला. बल्ब हळूहळू उतरला आणि विझायला आलेल्या निखाऱ्यासारखा मंद राहिला.

"आजी, मंद झाला! म्हणजे..."

"थांब. नळी तापायला वेळ लागतो."

तिघंही थांबली. काळसर पडद्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका उमटला. लाट नाही, रेघ नाही, नुसता ठिपका.

"हलत का नाही?" मैत्रीनं विचारलं.

"त्याला हलवणारा बोर्ड तडकलाय. जोडला की हलेल." ताईंनी लाल पट्टीच्या गाठी सोडल्या. दुसरी घट्ट बसली होती, नखानं सोडवावी लागली. पिवळी बांधली. "दुरुस्ती इथं होईल, भाऊ. मोशीला नाही. एकेक रेघ मुलं जोडतील, मी बाजूला बसेन. दिवाळीपर्यंत चालेल काम."

रोहिदास हसायला लागला. "म्हंजे दिवाळीपातूर सगळी पोरं तुमच्या सतरंजीवर! आन् माझे रोबोट एकमेकांशी खेळतील व्हय?"

"खेळू देत."

"वस्ताद हायसा, ताई. चालतंय. व्हॅन उलटी फिरवतो, मोशीची पोरं हिकडं आणतो. पण आणणारा मी, म्हंजे मी पण बसणार."

ताईंना ते फारसं आवडलं नाही. त्या पट्टी सारखी करत राहिल्या. पडद्यावरचा ठिपका अजून तसाच, एकाच जागी, प्रखर.

"आजी, किती छान दिसतोय!"

"छान दिसतो, पण असा एकाच जागी राहिला तर काचेच्या आतला लेप जाळतो. कायमचा डाग पडतो. तेज कमी करायला हवं."

रोहिदासचा हात पुढे आला आणि बटणाच्या जरा अलीकडेच थांबला. त्यानं ताईंकडे पाहिलं. 'लांब उभे राहा' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

"डावीकडे फिरवा," त्या म्हणाल्या. "सावकाश, भाऊ. त्याच्याकडे बघत बघत."