प्रियांकाचा गोल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. माझं डोकं का तापलंय, ते ऐकाच.

किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी बाळारामकाकांनी तिथे फुटबॉल क्लब काढला. तेव्हा पोरं दोन चपला ठेवून गोल मानायची आणि बॉल आत गेला की बाहेर, यावरून हमरीतुमरीवर यायची. काकांनी बंद पडलेल्या हातपंपाचे पाइप गोळा केले आणि शहापूरला नेऊन जोडून आणले. असे आम्ही दोघे भाऊ तयार झालो. भातकापणी झाली की खाचरात खड्डे खणून आम्हाला उभं करायचे आणि नांगरणीच्या आधी काढून ठेवायचे.

गावात हळद असली की मला मांडवाला लावत. त्याचा मला कधी राग आला नाही. लग्न उरकलं की काकांच्या घरच्या सोनूबाई स्वतः उभ्या राहून मला परत मैदानात लावून घ्यायच्या. "पोरांचा गोल हाय तो, तुमचा मांडव नाय!" असं खडसावायच्या. कसले दिवस होते ते!

काका थकले आणि शेखर अध्यक्ष झाला. पोरींचा संघ त्यानेच काढला, हे मी मान्य करतो. पण फोटोची हौस दांडगी! गेल्या पावसाळ्यात त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरला चौकट हवी होती, म्हणून त्याने मला उचलून नेलं. बॅनर निघाला लहान. मग या शहाण्याने माझा आडवा दांडा हातभर कापला, पुन्हा जोडला आणि गप्प बसला. खड्डे दरवर्षी नवे, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

या हिवाळ्यात मुरबाडच्या संघाशी पोरींची फायनल झाली. आम्ही एका गोलने मागे होतो. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि प्रियांका पुढे आली. ती सराव करायची पलीकडच्या माझ्या धडधाकट भावावर. तिने बॉल नेहमीच्या कोपऱ्यात मारला, अगदी नेमका. पण तिथे माझा खांब उभा होता! बॉल माझ्यावर आपटून बाहेर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाव तिच्यावर तुटून पडलं. "हिच्यामुळे मॅच गेली!" जो तो हेच म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तिने बूट सोनूबाईंकडे ठेवले आणि मैदानावर यायचं सोडलं.

काकांना मात्र ते पटेना. ते दोरी घेऊन आले. आधी भावाला मोजलं, मग मला. हातभर दोरी उरली.

"शेखर, हा कापला कुणी?"

"मीच, काका. पण हातभरानं काय फरक पडतोय?"

"तुला नाय पडत रे! त्या पोरीला पडतो. तू कापलास ना? मग तूच जा आणि चारचौघांत सांग तिला."

"सांगतो ना, टाइम मिळाला की."

आज आठ दिवस झाले. त्याला अजून टाइम मिळालेला नाही!

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला रंग देऊ नका, गंज चढला तरी चालेल. पण माझे पाय जमिनीत गाडलेले आहेत, तुमचे मोकळे आहेत. उठा, प्रियांकाच्या दारात जा आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगा, "पोरी, तुझा नेम चुकला नव्हता. तो गोल होता!"