वडिलांचा व्यवसाय : शेती

काडीपेटी निघाली, अर्धी रिकामी, वरचं घोड्याचं चित्र पुसत आलेलं... आई रोजच्यासारखी बाबांचे खिसे उलटे करून पाहत होती. लष्कराच्या डेपोत बाबांची नोकरी, आणि तिथल्या फाटकावर झडती असते. एक काडी सापडली तरी नोकरीवर गदा. आत दारूगोळा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि तरी असे खिसे उलटवणाऱ्या गावातल्या शंभर बायकांपैकी एकही नवऱ्याला ‘आज काय केलं’ म्हणून विचारत नाही. त्यांच्या लेकीनं, आकांक्षानंही वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आज विचारायचं होतं.

बाबा सायकलवर टांग टाकून निघाले. त्यांच्या पाठीकडे ती पाहत राहिली — कालपासून ती चिठ्ठी डोक्यात होती, ईमेलनं आलेली, तिच्या गटातल्या चन्थूची.

दोन हजार तीन साली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, वर्ध्याच्या एका सायबर कॅफेत तिला तो गट सापडला होता — जमिनीत पेरलेल्या सुरुंगांविरुद्ध लिहिणाऱ्या, वीस-पंचवीस देशांतल्या पोरापोरींचा. इथे तिला कोण काय विचारत होतं? बी.एड. करशील ना, स्वयंपाक येतो ना. आणि तिकडे अंगोलातला एक मुलगा विचारत होता, तुझं मत काय. तिला मत असू शकतं! मग तिनं नकाशे पाहिले, करार वाचले, आपल्या देशानं सुरुंगबंदीच्या करारावर सही केलेली नाही हे कळल्यावर सरकारला पत्र पाठवलं, कॉलेजात भाषण ठोकून बक्षीस मिळवलं. बाबा रजा टाकून आले होते. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते... टाळ्या! देवा रे.

गटात नाव नोंदवताना एक रकाना होता, वडील काय करतात. तिनं लिहिलं, शेती. अगदीच खोटं नाही. केळझरला चार एकर आहे, तानबाकाका वाहतात, बाबा पोळ्याला जातात. स्वतःला तिनं हे किती वेळा समजावलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून — आई शेजारणीला नावं ठेवताना म्हणते तेच.

चन्थू कंबोडियातली, तिच्याच वयाची. नवव्या वर्षी शेताच्या बांधावर भाजी खुडताना तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तुझे बाबा शेतात खुशाल चालतात ना, त्यांच्याबद्दल लिही, मला वाचायला आवडतं, असं ती म्हणायची, आणि आकांक्षा लिहायची... पऱ्हाटीची पांढरी बोंडं, तूर, बांधावरची बोर, बाबांच्या चपलांना चिकटलेली काळी माती. दीड वर्ष लिहिलं तिनं. लाज नाही वाटली. उलट लिहिताना छान वाटायचं, हेच तर वाईट.

यंदा गटानं ठरवलं, प्रत्येकानं घरातल्या मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा, सुरुंगांशी तुमचा कधी संबंध आला का. चन्थूनं बापाला विचारलं. तरुणपणी फौजेत असताना तो स्वतःच सुरुंग पेरत होता. तिच्या पायाखालचा त्याचा की दुसऱ्या कोणाचा, त्याला सांगता येईना. तीन दिवस मी त्याला भात वाढला नाही, तिनं लिहिलं होतं, चौथ्या दिवशी वाढला. हे फक्त तुला सांगते, कारण तुझ्या घरी असलं काही नाही. तुझे बाबा काय म्हणाले ते कळव.

कारण तुझ्या घरी असलं काही नाही... दिवसभर ती हेच घोळवत राहिली. पोळ्या करपल्या, आई करवादली. खरं लिहावं, तर बाबांनी डेपोत गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. आणि खोटं लिहावं, तर चन्थूनं आपलं काळीज काढून समोर ठेवलेलं.

संध्याकाळी बाबा न्हाणीपाशी पाय धूत बसले होते. दोन्ही पाय, घोट्यापर्यंत साबण लावून, सावकाश. तिनं विचारलं.

“बाबा, तुमच्या शेडमंधी जमिनीत पुरायचे सुरुंग असतेत का?”

त्यांचा तांब्या तसाच राहिला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काऊन इचारून राह्यली? कोनं सांगतलं तुले इचाराले?”

कोणी नाही, ती म्हणाली. बापाला घाबरलेलं ती पहिल्यांदा पाहत होती, आणि घाबरले होते ते तिलाच.

“हे पाह्य पोरी,” ते अगदी हळू म्हणाले, “आमच्याकडं पेट्या असतेत. पेटीवर नंबर असते. मी नंबर पाह्यतो अन् सही करतो. मी कोनाले मारलं नाई.”

मारलं असं म्हणालं कोण होतं? तिनं तर तो शब्दही काढला नव्हता. म्हणजे हा प्रश्न त्यांना तिच्या आधीच कोणी तरी विचारलेला... बहुधा त्यांनीच, रोज, सायकलवरून येता-जाता. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

तिनं त्यांचं ताट वाढलं. तीन दिवस कसले, तीन मिनिटंही तिला दम निघाला नाही. ते खाली मान घालून जेवत होते आणि तिच्या डोक्यात, न बोलावता, चन्थूला लिहायचं वाक्य तयार होत होतं — बाबा म्हणाले, यंदा पऱ्हाटी चांगली आहे. सुरेख वाक्य, एका फटक्यात जमलेलं. ते पाठवायचं की नाही, तिला ठरवता येईना. पण जिच्यासाठी तिनं भाषणं केली, पत्रं लिहिली, त्या मुलीचा तिला आज पहिल्यांदाच राग आला, मनापासून, खुनशी राग... कशाला विचारलंस गं तू तुझ्या बापाला?