ग्रंथालयातली गर्दी

व्रात्सा गावच्या ग्रंथालयाची वेबसाइट सकाळपासून ठप्प होती. डेटाबेस सांभाळणाऱ्या रुमियानानं पाहिलं, तर शंभरच्या शंभर कनेक्शनं, म्हणजे एका वेळी शोध चालवायच्या सगळ्या जागा, एकाच सभासदानं अडवली होती. निवृत्त स्टेशनमास्तर त्स्वेतान! तिनं फोन लावला.

"आजोबा, काय शोधताय एवढं?"

"कबुतरांवरचं पुस्तक. पान उघडेना, म्हणून बंद करतो आणि पुन्हा शोधतो. फार गर्दी आहे बाई तुमच्याकडे!"

"अहो, ती गर्दी तुम्हीच! पान बंद केलं तरी आतला शोध चालूच राहतो. शंभरच्या शंभर जागा तुमच्याच शोधांनी भरल्यात, आता सगळे तोडते."

रुमियानानं सगळे शोध तोडले आणि यापुढे तीस सेकंदांत कुठलाही शोध आपोआप तुटेल अशी सोय केली. पुस्तक लगेच सापडलं.

"मिळालं," आजोबा हळहळले, "पण माझ्या एकट्यासाठी नव्व्याण्णव जणांना हाकललंस, हे काही बरं नाही केलंस, पोरी."